म्हातारीची चाती

रस्ता संपतो तिथं गाडी आम्हाला सोडते.
पुढं चिखल. पुढं धुकं.
त्याच्याही पुढं ग्वाल्तेर, आमचा मुकादम,
कमरेला दोर, तोंडात पुटपुट :
आज तरी कोरडं जाऊ दे.
या बेटावर ही प्रार्थना कुणी ऐकत नाही.
त्याची सवय सुटत नाही.

दिसायला देखणी. कुणीही भाळावं.
सोनटक्क्याचीच पिवळी बहीण,
तुऱ्यातून लाल केसर बाहेर काढून उभी.
कुणीतरी बागेसाठी आणली म्हणे, हिमालयाकडून.
बाग कधीच मोडली.
ही मात्र ओढा ओलांडून, कडा चढून
लॉरेलच्या रानात शिरली
आणि पाय पसरून बसली.
आम्ही तिला म्हातारीची चाती म्हणतो.
कोण म्हातारी, ठाऊक नाही.
सूत मात्र संपत नाही.

मुळं म्हणू नका. गड्डे आहेत ते,
आल्यासारखे, बोटांत बोटं अडकवलेले,
जमिनीवर गुडघाभर जाड गादी.
कुदळ मारली की उलटी उडते,
कळ मनगटातून खांद्यात, खांद्यातून दातांत.
आधी कोयता. मग पहार. मग नुसते हात.
ग्वाल्तेर म्हणतो, नखाएवढा तुकडा राहिला
तरी ती राहिली.
म्हणून गुडघ्यांवर बसून आम्ही माती चाचपतो,
हरवलेली कुडी शोधावी तशी.

जे उपटत नाही त्याला निळं औषध, ब्रशनं.
पाऊस आला की थांबायचं.
पाऊस थांबला की लावायचं.
म्हणजे थांबायचंच.
ताडपत्रीखाली सहाजण, मक्याची भाकरी, ओलं चीज,
आणि कुणाचा तरी कोपर कायम कुणाच्या तरी बरगडीत.

उतार असा की एक पाय नेहमी दुसऱ्याच्या खाली.
संध्याकाळी सपाट रस्त्यावर आलो तरी
झुल्मिरा तिरकीच चालते.
फेब्रुवारीत तिची कंबर धरली.
डॉक्टर म्हणाला, वाकू नका.
ती इतकी हसली
की पुन्हा धरली.

ऑगस्टात बी धरायच्या आत तुरे छाटायचे.
पोती भरभरून खाली आणायचे, पाठीवर.
वळणावरच्या कठड्यापाशी एक पाहुणी
केसांत तोच तुरा खोचून फोटो काढत होती.
आम्ही वाकून वाट काढली.
गाडीभर वास, केसांत वास, उशीला वास.
आमांसिओ म्हणाला, कुणाच्या लग्नाला गेली होतीस?
मी बूट दाखवले.

गेल्या वर्षीचा उतार एप्रिलमध्ये पाहिला.
सगळा पोपटी. वीतवीत कोंब.
नार्सिझो एकोणीस वर्षांचा, नवा.
तो मटकन खाली बसला.
मग आपण केलं काय?
ग्वाल्तेरनं त्याच्याकडं हातमोजे टाकले :
डावीकडून धर.

म्हणतात, हे सगळं एका पाखरासाठी.
काळी टोपी, राखी अंग, मुठीत मावेल एवढं,
आमच्या बेटाबाहेर कुठंच नाही.
चार वर्षांत मी ते तीनदा ऐकलं,
पाहिलं एकदाही नाही.
फुटक्या शिट्टीसारखा आवाज.
ऐकलं की पहार आपोआप थांबते,
आणि थांबली की कंबर बोलायला लागते.

आज मोकळ्या केलेल्या तुकड्यात लॉरेलची रोपं लावली.
काठी, सुतळी, पत्र्याची चकती.
अकराशे अठ्ठेचाळीसला मी दगडाचा आडोसा केला.
त्याची सावली पडायला माझी नातवंडं म्हातारी व्हावी लागतील.
माझा करार नोव्हेंबरपर्यंत.

रात्री बूट चुलीजवळ उलटे ठेवले.
सकाळपर्यंत वाळणार नाहीत, तरी ठेवले.
तळाच्या खाचेत गड्ड्याचा तुकडा अडकलेला,
नखाएवढा, गुलाबी, एका बाजूला टोक फुटलेलं.
खिडकीबाहेर फेकायला हात उचललाही होता.
मग चुलीत टाकला,
आणि तो जळून काळा होईपर्यंत
बाकड्यावर बसून राहिले.